कुंकू लागलेला प्रोसेसर

“काकाजी, ह्याच्यावर कुंकू कोनं लावलं?”

प्रफुल्लनं कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि चिमट्यात धरलेला तो चौकोनी तुकडा दिव्याखाली फिरवला. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, बिस्किटापेक्षा लहान. एका बाजूनं चकचकीत. तिच्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट आणि मधोमध चिकटलेला एक तांदळाचा दाणा. दुसऱ्या बाजूनं हजारभर बारीक सोनेरी पाय, आणि त्यातले एका कोपऱ्यातले असे लोळलेले, की गारपिटीनंतरची तूर पाहावी.

“मीच लावलं,” धावजी म्हणाला. “काल दसरा होता ना.”

“अजी, पण डब्याले लावाचं ना! लोकं डब्याले लावतात, मॉनिटरले लावतात, एकजन तं माऊसले लावून आनते. आतून खोलून प्रोसेसरले लावनारा मानूस म्या आज पाह्यला.”

“बोनटाले कुंकू लावून का होते? इंजनाले लावा लागते.”

हे उत्तर आगारातल्या कोणालाही पटलं असतं. धावजी आडे एकतीस वर्षं एस.टी.चा ड्रायव्हर होता. त्यानं जेवढी गाडी हाकली, तेवढ्यात माणूस चंद्रावर जाऊन, तिथं चहा पिऊन, परत येऊन पुन्हा निघाला असता. फक्त धावजीचे ते सगळे किलोमीटर दिग्रस ते पुसद आणि पुसद ते दिग्रस असेच झाले. दसऱ्याला बाकीचे ड्रायव्हर गाडीच्या तोंडाला हार घालत. धावजी बोनेट उघडून थेट इंजिनाला बोट लावी. एका वर्षी इंजिन तापलेलं होतं, बोट भाजलं, आणि त्या वर्षी गाडी एकदाही बंद पडली नाही. मग पुढच्या वर्षी त्यानं इंजिन मुद्दाम तापवून कुंकू लावलं. ही गोष्ट तो शपथेवर सांगतो, आणि शपथही त्या गाडीचीच घेतो.

तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यानं वेगळं काही केलं नव्हतं. सकाळी आंघोळ करून डब्याचं झाकण काढलं. आत पंखा दिसला. पंखा म्हणजे रेडिएटर, त्याच्याखाली इंजिन असणार, हा अंदाज तर अगदी बरोबर होता. चार स्क्रू काढून त्यानं पंखा सरळ वर उपसला. पण मधला लेप पाच वर्षांत वाळून सरस झाला होता, त्यामुळं पंख्याबरोबर प्रोसेसरही उपटून आला. धावजीनं तो चमच्याच्या दांड्यानं सोडवला. तो सुटला, उडाला आणि पाय खाली करून फरशीवर पडला. धावजीनं उचलला, फुंकर मारली, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. बायकोनं, जमनीनं, ओवाळलं. मग जागेवर ठेवून अंगठ्यानं असा दाबला, की जिनिंगमधल्या कापसाच्या गठाणी दाबणाऱ्या प्रेसनं शाबासकी द्यावी.

त्यानंतर कॉम्प्युटरनं डोळा उघडला नव्हता.

“आता तीन रस्ते हायेत,” प्रफुल्ल म्हणाला. बसस्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात लोक टाळं लागलेले मोबाईल आणि गरम होणारे लॅपटॉप घेऊन येत. अशी केस त्याला प्रथमच मिळाली होती, आणि त्याचा आवाज मोठ्या डॉक्टरसारखा झाला होता. “पह्यला. हे पाय मी एकएक करून उभे करून पाह्यतो. पन एखांदा तुटला तं खतम. आन उभे झाले तरी बसवल्यावर शॉर्ट झालं, तं बोर्डही गेलं समजा. दुसरा रस्ता. असाच जुना प्रोसेसर पाह्यचा. पन हा आता येनं बंद झाला. नागपुरात कोनापाशी वापरलेला भेटला तं भेटला. आठ दिवस लागतीन, म्हयनाही लागंन.”

“आन तिसरा?”

“नवा टाकाचा. ह्याच बोर्डावर बसते, ह्याच्याहून दोन पिढ्या पुढचा. सांगितला तं परवा कुरिअरनं येते. बायोस तेवढा बदला लागंन, ते मी करून देतो.”

“बायोस मंजे?”

“मंजे बोर्डाले आधी सांगा लागते, बापा, तुह्या घरी नवा पाहुना येऊन राह्यला, त्याले वळख.” प्रफुल्लनं भिंग वर सरकवलं. “काकाजी, एवढा इचार कायले करता? गेम खेळता ना तुमी? नवाच टाका. लोन्यावानी चालन.”

“गेम नाही खेळत मी,” धावजी म्हणाला. “मी गाडी चालवतो.”

प्रफुल्लला यातला फरक कळला नाही. तो कळायला उकंडा भगत माहीत असायला हवा.

उकंडा धावजीचा कंडक्टर. एकोणीस वर्षं एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर. दोघांनी प्लॉट घेतले ते लागून, घरं बांधली ती भिंतीला भिंत लावून, आणि निवृत्त झाले तेही एकाच महिन्यात. उकंड्याचा आवाज असा, की तो दिग्रसला ‘पुढं सरका’ म्हणाला तर पुसदच्या स्टँडवरची माणसं दोन पावलं सरकत. दर दसऱ्याला तो नागपूरला दीक्षाभूमीवर जाई, आणि परत आल्यावर धावजीच्या इंजिनाकडे पाहून म्हणे, “काय रे धावज्या, लावलं का पावडर-लाली तुह्या बायकोले?”

सव्वादोन वर्षांपूर्वी उकंड्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि तो आवाजही गेला. म्हणजे आवाज होता, शब्द नव्हते. समोरचं सगळं कळे. ताट पाहून हसे, नातू पाहून रडे. पण पाणी म्हणायला तोंड उघडलं, की नुसता वारा बाहेर येई. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्रयत्न करत राहा, सवयीचं काही असेल तर तेच आधी परत येतं.

सवयीचं काय ते धावजीलाही माहीत नव्हतं. ते अपघातानंच सापडलं. धावजीचा मुलगा इंद्रजीत पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर आणि त्याला जोडायचं स्टिअरिंग घरीच राहिलं. एका दिवाळीत त्यानं बापाला बस चालवायचा खेळ लावून दिला. तो बाहेरच्या कुठल्याशा देशातला डोंगराळ रस्ता. लाल कौलांची गावं, टोकदार देवळं, काठीसारखी सरळ झाडं. धावजी बसला आणि तीन तास उठला नाही. मग रोज चारला बसू लागला. मथुराबाई, म्हणजे उकंड्याची बायको, त्याला चाकाच्या खुर्चीत घालून आणून बसवी, तेवढाच बदल म्हणून. एक दिवस गाडी एका लाल कौलांच्या गावाजवळ आली. चित्र अडखळलं, पुढं उडी मारली, पुन्हा अडखळलं. खड्ड्यातून गेल्यासारखं. आणि धावजीच्या मागून तो आवाज आला:

“जिनफाटा! जिनफाट्याचे कोन हाय, उतरा लवकर!”

जमनीच्या हातातला चहा धावजीच्या पाठीवर सांडला. धावजीला तो दुसऱ्या दिवशी भाजला.

त्या दिवसापासून चारची गाडी सुरू झाली. मोकळ्या रस्त्यावर गाडी नीट चाले. गाव आलं की चित्राला दोन गचके बसत, उकंडा खुर्चीत मागंपुढं होई, आणि नाव बाहेर पडे. जिनफाटा, काळीपांदण, मोहतांडा, देवीचा नाला, पळसखिंड... सोळा थांबे, एकामागून एक, ओळीनं. डाव्या हातातलं नाणं तो खुर्चीच्या नळीवर हाणी: एक ठोका, थांब, दोन ठोके, चल. परदेशातली ती गोरी माणसं काळीपांदणला उतरत आणि मोहतांड्याला चढत. त्यांचीही काही तक्रार नव्हती.

पुढं तर याहून नवल झालं. ती नावं उकंडा घरीही वापरू लागला. तहान लागली की ‘देवीचा नाला’. चहा हवा असला की ‘जिनफाटा’, कारण तिथं टपरी होती. रात्री भीती वाटली की ‘पळसखिंड’. मथुराबाईनं महिन्याभरात सोळाच्या सोळा नावांचे अर्थ लावले होते. ती म्हणे, “माह्या घरात आता दिग्रस ते पुसद सडक हाय, धावजीभाऊ. बसल्या जागी समदं भेटते.”

दसऱ्याला उकंडा आणि मथुराबाई इथल्याच विहारात गेले होते. घरी असता तर उकंड्यानं त्या चमच्याच्या दांड्यालाच एक ठोका मारून थांबवलं असतं.

तिसऱ्या दिवशी चारला धावजीनं उकंड्याला काळ्या पडद्यासमोरच बसवलं. स्टिअरिंग धरलं आणि तोंडानं इंजिन सुरू केलं. घर्रर्रर्र. गिअर बदलला. घुर्रर्र. उकंड्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग जमनीकडे पाहिलं, हे कधीपासून असं करतात म्हणून विचारल्यासारखं.

“जिनफाटा आला, कंडक्टर,” धावजी म्हणाला. “आता पुढं कोनता?”

“जिनफाटा,” उकंडा म्हणाला. मग काळीपांदण म्हणाला. मोहतांडाही म्हणाला. मग ओठ हलले, पण बाहेर काही आलं नाही. एक गाळून तो पुढच्यावर गेला. जमनीनं बोटं दुमडत मोजली.

“बारा,” ती म्हणाली. “काल चौदा होते.”

“मधचा कोनता गेला?”

मथुराबाईनं सांगितलं. तिला मोजायची गरज नव्हती. “देवीचा नाला गेला, भाऊ. आज दुपारी माहा पदर धरून ओढून राह्यले, ओढून राह्यले. मी म्हटलं ऊन लागते का, पंखा लावू का, बाहीर नेऊ का. अर्धा घंटा झाला तवा समजलं का पानी पाह्यजे.”

धावजीच्या तोंडातलं इंजिन बंद पडलं.

रात्री इंद्रजीतचा फोन आला. प्रोसेसरची पूजा ऐकून तो आधी दहा मिनिटं हसला, मग म्हणाला, “बाबा, नवा टाका. इचारच करू नका. तसाही तो जुना कामातून गेलता. गाव आलं का गेम अटकायचा ना?”

“कायले अटकन? खड्डे हायेत तिथं.”

“खड्डे नाही हो बाबा! गाव आलं का एकदम शंभर घरं, मानसं, झाडं काढा लागतात त्याले. त्याले जमत नव्हतं, म्हणून गचके खात होता. नव्यात एक गचका नाही बसनार. अगदी प्लेन.”

धावजीनं फोन ठेवला आणि तो खाटेवर बसून राहिला. पावणेदोन वर्षं जे गचके तो रस्त्याचे समजत होता, ते रस्त्याचे नव्हतेच. ते त्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्याचा दम लागत होता म्हणून बसत होते. आणि ते बसत होते म्हणून उकंड्याला गाव आलेलं कळत होतं. म्हणजे उकंडा बोलत होता तो एका थकलेल्या मशिनीच्या धापेवर. इथपर्यंत विचार नीट आला. यापुढं मात्र त्याचं असं झालं, की तिठ्यावर यावं आणि पाटी कोणीतरी काढून नेलेली असावी. नवा घातला तर गाडी उद्या सुरू होईल, पण गचका नाही. जुना शोधावा तर गचका मिळेल, पण तोवर सडक अर्धी पुसली जाईल. वाकड्या पायांचा बसवला तर कदाचित चालेल, कदाचित सगळंच जळेल.

“झोपा आता,” जमनी म्हणाली.

“मी जागा कुठं हाय?” धावजी म्हणाला. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो शटरसमोर उभा.

“प्रफुल्ल, एक सांग मले. नव्यात गचके बसतीन का?”

“एकही नाही काकाजी. लिहून देतो.”

“मंग नोको.”

प्रफुल्लनं हातातली किल्ली खाली केली. “बारा वर्षं झाली मले दुकान टाकून. लोकं माह्यापाशी गचके काढाले येतात.”

“मले ठेवा लागतात. थोडेसेच. गावाजवळ दोन, बस.” धावजी हातानं खुर्ची हलल्यासारखं करून दाखवू लागला. “एखांदं बटन असन ना?”

“गचक्याचं बटन?”

“कमी-जास्त कराचं.”

प्रफुल्ल हसायच्या तयारीत होता. पण धावजी स्टुलावर बसून पहिल्यापासून सांगू लागला, जिनफाट्यापासून देवीच्या नाल्यापर्यंत, आणि प्रफुल्लचं हसू तोंडातच राहून गेलं. ऐकून झाल्यावर त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे आज गिऱ्हाईक नको. खटक्याच्या पेन्सिलीतलं बारीक शिसं काढून टाकलं आणि तिचं पोकळ टोक एकेका वाकड्या पायावर चढवून तो पाय उभा करू लागला. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत होता. एकूण तेवीस पाय. धावजी मोजत होता, आणि दर पायाला त्याचा स्वतःचा गुडघा दुखत होता. दुपारी एक वाजता तेविसावा उभा राहिला.

“झाले,” प्रफुल्ल घाम पुसत म्हणाला. “पन मी शब्द देत नाही. एका-दोघांची मुळं ढिली हायेत. आज चालन, उद्या चालन, परवा बोर्डाले घेऊन जाईन.”

तेवढ्यात कुरिअरवाला, प्रफुल्लनं पहिल्याच दिवशी मागवून ठेवलेला नवा घेऊन आला. काचेच्या टेबलावर दोघं शेजारी शेजारी: एक कुंकू लागलेला, एक अजून प्लास्टिकच्या डबीत झोपलेला.

“सांगा काकाजी. कोनता बसवू?”

धावजीनं दोन्हीकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यानं म्हशीला वाचवायचं की स्कूटरला, हे अर्ध्या क्षणात ठरवलं होतं आणि दोघांनाही वाचवलं होतं. आता त्याचा हात कुठंच जाईना.

“दोन्ही दे,” तो म्हणाला. “घरी नेऊन पाह्यतो.”

“घरी नेऊन का पाह्यता? भाजी हाय का ते?”

तरी त्यानं दिले. जुना दुसऱ्या एका डबीत नीट ठेवून, हलवू नका म्हणून तीनदा बजावून.

चारला सगळे धावजीच्या समोरच्या खोलीत जमले. उकंडा खुर्चीत, मथुराबाई त्याच्याजवळ वेताच्या मोढ्यावर, जमनी दारात. त्या दिवशी दहा नावं आली. जिनफाटा होता, पळसखिंड होती. धावजीनं दोन्ही डब्या पुढं ठेवल्या आणि समजावून सांगायला लागला. पण त्याचं त्यालाच नीट समजलं नव्हतं, त्यामुळं ते कोणालाही समजलं नाही. जमनी म्हणाली जुनाच लावा, त्याले कुंकू लागलं हाय. मग म्हणाली, नाही, जळलाबिळला तं? नवाच लावा. मग बंजारा बोलीत आईला हाक मारून म्हणाली, याडी ये, मले काहून इचारता!

मथुराबाई मात्र डब्यांकडे पाहतच नव्हती. शेवटी म्हणाली, “धावजीभाऊ, तुमी प्रफुल्लले इचारलं. इंदरले इचारलं. ह्यायले इचारलं का कोनी?”

धावजी चपापला. एकोणीस वर्षांत कंडक्टरची घंटी झाल्याशिवाय त्यानं एकदाही गाडी हलवली नव्हती. मागं दरोडा पडला तरी दोन ठोके येईपर्यंत तो स्टँडवर थांबला असता. आणि आता सगळा प्रवासच त्या माणसाचा, तर त्याला सोडून अख्खं दिग्रस विचारून झालं होतं.

तो खाली फरशीवर बसला, उकंड्याच्या समोर. डाव्या हातावर नवा, उजव्या हातावर जुना.

“कंडक्टर, पाह्य. हा जुना. ह्याच्यात गचके बसतीन, पन भरोसा नाही. हा नवा. भरोसा हाय, पन गचके नाही. मले काही सुधरून नाही राह्यलं. तू सांगशीन तसं.”

उकंड्यानं आधी धावजीकडे पाहिलं. मग जुन्या प्रोसेसरकडे, त्यावरच्या कुंकवाकडे, आणि त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर ते जुनं पावडर-लालीवालं हसू आलं. डावा हात पुढं करून त्यानं तो तुकडा उचलला. उलटा केला, सुलटा केला. मग सावकाश सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशावर हातानं थापटलं. एकदा. पुन्हा एकदा.

खिशात तेवीसच नव्हे, किती पाय लोळले असतील ते प्रफुल्लच जाणे.

“अवो हे का केलं!” जमनी ओरडली.

“दोन,” धावजी हळूच म्हणाला. “दोन वेळा थापटलं.”

“मंग?”

“मंजे डबल. मंजे चल.”

“अवो, खिशात ठेवलं मानसानं तं थापटतेच! पडू नये म्हून.”

“आवडलं म्हून ठेवलं असन त्यायनं,” मथुराबाई म्हणाली. “का राग आला म्हून? का आता पुरे म्हून?” ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिथं काही लिहिलेलं नव्हतं.

धावजीलाही खात्री नव्हती. पण दोन म्हणजे दोन. तो उठला, नवी डबी घेतली आणि चपला घातल्या. दारातून जमनीनं विचारलं, “कत चालो?” कुठं निघालात, एवढंच; घाईत ती नेहमी आपल्या बोलीवर येई.

“बसवाले,” तो म्हणाला. “घंटी झाली.”

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल स्वतः डबा घेऊन घरी आला. बोर्डाला पाहुण्याची ओळख करून दिली होती. चारला दोन मिनिटं कमी असताना पडदा उजळला. प्रफुल्लला जायचं होतं, पण तो भिंतीला टेकून थांबला.

धावजीनं स्टिअरिंग धरलं. मागून दोन ठोके आले. गाडी निघाली.

लोणी म्हणजे किती लोणी! झाडं अशी सरकत होती, की कोणी कापड फिरवावं. डोंगरावरच्या झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती, दुरून गावाची कौलं मोजता येत होती. पावणेदोन वर्षं या रस्त्यावरून गेलेल्या धावजीला आज कळलं, की पहिल्या गावाआधी डावीकडे तळं आहे. तळं गेलं, गाव आलं. गचका बसला नाही. धावजीनं कान मागं ठेवले. थांब्यावर चार गोरी माणसं हात करून उभी होती. ठोका आला नाही. घंटीशिवाय गाडी थांबवायची धावजीच्या पायाला सवय नव्हती. जिनफाटा मागं गेला.

काळीपांदण मागं गेली.

मोहतांडा मागं गेला.

 धावजीनं गाडी मुद्दाम डावी-उजवी केली, ब्रेक दाबून पाहिला. पडदा हलला, खुर्ची हलली नाही. मागं नुसता पंख्याचा आवाज. चुकलं, त्याच्या मनात आलं. सगळं चुकलं. थापटलं होतं ते पडू नये म्हणून. आता उद्या नागपूरला फोन लावायचा, जुना कुठं मिळतो का पाहायचं, की परवाच जाऊन... की उकंड्याला नुसतं हातानंच हलवायचं... की... मागं वळून पाहायची त्याची हिंमत होईना. तो चालवत राहिला. देवीचा नाला यायचा होता तिथं पूल आला, पूल गेला. घरं संपली.

टण्.

एक ठोका.

धावजीचा पाय त्याला न विचारता ब्रेकवर गेला. गाडी थांबली. तिथं ना गाव होतं, ना फाटा, ना थांबा. दोन्हीकडे पिवळ्या फुलांचं शेत, आणि त्यातून लांबवर गेलेली एक पायवाट.

“मुकुटबन,” उकंडा म्हणाला.

 धावजी मनातल्या मनात सोळा नावांवरून दोनदा फिरून आला. त्यात हे नव्हतं.

“मुकुटबन?” तो मागं न वळता म्हणाला. “ते तं तिकडं, झरी जामनी तालुक्यात. आपली गाडी कधी गेली तिकडं?”

“नाही गेली,” मथुराबाई म्हणाली.  मग ती जमनीकडे वळून, जसं काही जमनीला माहीतच नव्हतं, तसं म्हणाली, “माहं माहेर हाय ना ते, बाई.”

“मुकुटबन,” उकंडा पुन्हा म्हणाला. तो पडद्याकडे नाही, मथुराबाईकडे पाहत होता.

मथुराबाई मोढ्यावरून उठली. कुठं जायचं ते तिला कळत नव्हतं. तरी तिनं पदर नीट केला आणि उतरायला निघाल्यासारखी ती उभी राहिली.

धावजीनं दाराचं बटण दाबलं. बसचं पुढचं दार फुस्स करून उघडलं. आतली गोरी माणसं घड्याळं पाहू लागली, एक बाई काहीतरी कुरकुरली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली, मिटली, पुन्हा उमटली; गाडीला उशीर होत होता.

धावजीनं इंजिन सुरू ठेवलं आणि दार उघडंच राहू दिलं.